न हटणारा चट्टा

आपल्याकडे कुठेही अंगावर चट्टा उठला की पाय आधी मेडिकलकडे वळतात. नायट्याचं म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. खाज थांबते, चट्टा फिका होतो, महिन्याभरात परत येतो. बहुतेक वेळा तो नायटाच असतो. क्वचित तो मायकोसिस फंगॉइडिस असतो, म्हणजे त्वचेतल्या टी-पेशींचा कर्करोग, आणि मलम त्याच्या खुणा पुसत राहतं.

मांड्या, नितंब, कंबर अशा ऊन न लागणाऱ्या भागांवर तो वर्षानुवर्षं रेंगाळतो. आपल्या सावळ्या कातडीवर अनेकदा पांढुरका दिसतो, त्यामुळे कोड किंवा कुष्ठरोग वाटतो. कुष्ठाच्या चट्ट्यावर सहसा स्पर्श कळत नाही, इथे कळतो.

निदान कळलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, हे लागण होऊन आलं का? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये एचटीएलव्ही-१ हा माणसात सापडलेला पहिला रेट्रोव्हायरस जाहीर केला, तो त्वचेच्या लिम्फोमाचं, म्हणजे अशाच पेशींच्या कर्करोगाचं, निदान झालेल्या रुग्णाच्याच पेशींतून. नैऋत्य जपानात या विषाणूमुळे होणारा रक्ताचा कर्करोग बऱ्याचदा त्वचेवरही उमटतो. आईचं दूध, रक्त आणि शरीरसंबंध या वाटांनी विषाणू पसरतो. बाधितांपैकी शंभरात जेमतेम तीन ते पाच जणांना कर्करोग होतो, तोही बहुधा कित्येक दशकांनी. नागासाकीत १९८७ पासून बाधित मातांना अंगावर पाजू नका असं सांगितलं गेलं आणि बाळांमधली लागण झपाट्याने घटली.

दुसरा विषाणू एप्स्टाइन-बार. जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या शरीरात तो निमूट वसतो. तरीही आशियातल्या काही मुलांना ऊन लागताच चेहऱ्यावर फोड येऊन व्रण पडतात, त्यामागे तो असतो. त्यांतल्या काहींना पुढे लिम्फोमा होतो.

मात्र मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेतल्या टी-पेशींच्या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारामागे कुठलाही विषाणू सिद्ध झालेला नाही. गॅलो यांच्या शोधानंतर अनेकांनी असा विषाणू धुंडाळला, पण ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणून अशा रुग्णाचं ताट, टॉवेल, अंथरूण वेगळं करणं मला अन्यायाचं वाटतं. हा आजार रुग्णापासून कुणालाही होत नाही.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना आजवर लावलेल्या मलमांची नावं सांगा. स्टिरॉइड चालू असताना बायोप्सी फसवी येऊ शकते. शंका उरली तर काही महिन्यांनी दुसरा तुकडा तपासावा लागतो. लवकर सापडला तर अतिनील किरणांच्या उपचाराने चट्टे मावळतात, आणि अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचं आयुष्य बहुधा इतरांइतकंच असतं.