शेततळ्यातील मासे आजारी पडल्यास

शेतातील पिकावर रोग पडला म्हणजे तो बांधावरून जाणाऱ्यासही दिसतो. शेततळ्यातील मासे पाण्याखाली असतात. त्यामुळे त्यांचा आजार बहुधा मेलेले मासे वर तरंगू लागल्यावरच ध्यानात येतो. तोवर उपायाची वेळ पुष्कळदा टळून गेलेली असते आणि वर्षभराचे बीज, खाद्य व श्रम आठवड्याभरात वाया जातात. यासाठी रोज पहाटे तळ्यावर फेरी मारणे हा मत्स्यपालनातील पहिला नियम होय.

प्रथम पाणी पाहावे

पहाटे सर्व जातींचे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करीत असतील व ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर तो रोग नव्हे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी पडल्याची ती खूण होय. पाण्यातील शेवाळ व वनस्पती दिवसा प्राणवायू निर्माण करतात, परंतु रात्री त्याही तोच वापरतात. म्हणून सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. ढगाळ हवेत आणि शेण व खाद्य अधिक पडलेल्या तळ्यात हा धोका वाढतो.

अशा वेळी औषध टाकू नये. खाद्य व खत त्वरित बंद करावे. विहिरीचे पाणी सोडावयाचे असल्यास ते उंचावरून पसरून पडू द्यावे, कारण भूगर्भातील पाण्यातही प्राणवायू थोडाच असतो. अन्य पाणी नसल्यास पंपाने तळ्याचेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत सोडावे.

रोगाची लक्षणे

एखाददुसरा मासा थव्यापासून वेगळा राहणे, खाद्य न घेणे, काठावर अंग घासणे, अंगावर लाल डाग पडणे किंवा खवले गळणे ही रोगाची लक्षणे आहेत. जाळे टाकून आठ-दहा मासे काढावेत व त्यांचे अंग, पर आणि कल्ले तपासावेत.

अंगाला चिकटलेले चपटे, डोळ्यांना दिसणारे कीटक म्हणजे माशांच्या उवा होत. त्या आपली अंडी पाण्यातील कठीण वस्तूंवर घालतात. याचा लाभ घेऊन तळ्यात जागोजागी बांबू रोवावेत. दर चार-पाच दिवसांनी ते काढून उन्हात कडकडीत वाळवावेत व पुन्हा रोवावेत. अंडी वाळून मरतात व उवांची वाढ आटोक्यात राहते.

जखमेवर कापसासारखे पांढरे तंतू दिसल्यास ती बुरशी होय. जाळ्याने वा हाताळण्याने खवले निघालेल्या माशांना ती प्रथम लागते.

हिवाळ्याच्या सुमारास अंगावर लाल डाग पडून त्यांचे खोल व्रण झाल्यास तो व्रणरोग असण्याचा संभव असतो. हा रोग भारतात 1988 साली प्रथम ईशान्येकडील राज्यांत आढळला व नंतर अन्यत्र पसरला. मृगळ व मरळ या जातींना तो विशेष होतो.

मिठाचे स्नान

थोडे मासे आजारी असल्यास तळ्याचेच 10 लिटर पाणी टोपात घेऊन त्यात 300 ग्रॅम साधे मीठ पूर्ण विरघळवावे. एका वेळी थोडेच मासे सुमारे पाच मिनिटे त्यात ठेवावेत. मासा आडवा पडू लागताच, वेळ पुरा झाला नसला तरी, त्यास बाहेर काढावे. बुरशी व काही बाह्य परजीवी यांवर हा उपाय गुणकारी आहे. खोल व्रण मात्र त्याने बरे होत नाहीत. नवे बीज सोडण्यापूर्वीही असे स्नान घालावे.

चुना व औषधे

व्रणरोगात कळीचा चुना विरवून, थंड करून, हेक्टरी 200 किलो याप्रमाणे दोन हप्त्यांत पसरावा. 10 गुंठ्यांच्या तळ्यास एकूण 20 किलो चुना लागतो. पाण्याचा सामू 8.5 हून अधिक असल्यास चुना टाकू नये. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगावर सिफॅक्स हे औषध काढले आहे. एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोल पाण्यास ते एक लिटर लागते. म्हणजे दीड मीटर पाणी असलेल्या 10 गुंठ्यांच्या तळ्यास 150 मिलिलिटर पुरते.

माणसांची वा जनावरांची प्रतिजैविके तळ्यात टाकू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या औषधांचा खाण्याच्या माशांसाठी वापर करण्यास बंदी आहे.

रोग पसरू नये म्हणून

मेलेले मासे रोज काढून चुन्यासह खोल पुरावेत. ते बाजारात विकू नयेत किंवा नाल्यात फेकू नयेत. रोगी तळ्यातील जाळे उन्हात वाळविल्याविना दुसऱ्या तळ्यात नेऊ नये.

रोगाचे निदान करावयाचे असल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जिवंत परंतु आजारी मासा तळ्याच्या पाण्यासह जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात पोहोचवावा. कुजलेल्या माशावरून निदान करता येत नाही. सोबत तळ्याचे क्षेत्र, पाण्याची खोली, सोडलेल्या बिजाची संख्या व आजार प्रथम दिसल्याची तारीख लिहून द्यावी, म्हणजे औषधाचे प्रमाण ठरविण्यात वेळ जात नाही.