चरबी मुकी नसते

यवतमाळच्या दत्त चौकात सकाळी फिरून आलेली मंडळी चहाला टेकली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "जिभेवर ताबा नाही, म्हणून वजन पुन्हा वाढलं!" घरच्या लग्नाआधी महिनाभर अर्धपोटी राहून सहा किलो उतरवलेला माणूस हे मान खाली घालून ऐकतो. माझे मात्र कान किटले आहेत.

या बोलण्यामागचा गैरसमज असा, की चरबी म्हणजे गोदामात पडलेली पोती. वस्तुस्थिती वेगळी आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात आणि साठा किती उरला हे मेंदूला कळवतात. त्याचं जनुक न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने १९९४ साली शोधलं. कोठीतली ज्वारी सरत आली की घरची बाई हात आखडता घेते, तसंच शरीर करतं. चरबी उतरली की लेप्टिन घसरतं, ऊर्जेचा खर्च कमी होतो. वर भूकही खवळते.

पटत नसेल तर मेलबर्नचा २०११ सालचा अभ्यास बघा. दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांवर राहून वजन उतरवलेल्यांची भूक वर्षभरानंतरही आधीपेक्षा जास्तच होती. आता हा दोष जिभेचा म्हणायचा?

"मग लठ्ठ माणसाला भूक कमी का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू दाद देईनासा होतो. म्हणून लेप्टिनची इंजेक्शनं बहुतेकांना लागू पडली नाहीत. जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मोजक्या मुलांना मात्र ती वरदान ठरली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

तूपच पोटावर बसतं: चमचाभर तुपात ४५ उष्मांक; गरजेपेक्षा जास्त झालं की साखर काय, तूप काय, वजन वाढतंच.

घामातून चरबी वितळते: घाम म्हणजे पाणी, १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते.

बारीक माणसाला चरबी नसते: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन हे दोन संशोधक बघा, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१.

तेव्हा लग्न आटोपल्यावरची भूक आधीच हिशेबात धरा. भाकरीसोबत घट्ट वरण, उसळ, भाजी जास्त घ्या. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. आणि चौकातल्या मंडळींना कोठीची गोष्ट सांगा.