एकच नियम, २७ कायदे: युरोपचा ‘डायरेक्टिव्ह’ चालतो कसा?

२०२३ मध्ये आयफोनला यूएसबी-सी पोर्ट आलं, आठवतंय? त्यामागे युरोपियन युनियनच्या (ईयू) एका नियमाचा मोठा हात होता. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं आहे. हा नियम ‘डायरेक्टिव्ह’ प्रकारातला.

डायरेक्टिव्ह म्हणजे काय?

ईयूचे कायदे मुख्यतः दोन प्रकारचे. ‘रेग्युलेशन’ सगळ्या देशांत थेट लागू होतं, उदाहरणार्थ डेटा प्रायव्हसीचं जीडीपीआर. ‘डायरेक्टिव्ह’मध्ये फक्त काय साधायचं ते ठरतं. ते कसं साधायचं, हे प्रत्येक देशाने मुदतीच्या आत स्वतःच्या कायद्यात लिहायचं. कोडिंग येत असेल तर सोपं आहे: इंटरफेस एकच, इम्प्लिमेंटेशन ज्याचं त्याचं.

रेल्वे: एक नियम, तीन उत्तरं

रूळ आणि गाड्या एकाच कंपनीचे असतील तर दुसरी कंपनी तिथे गाडी चालवणार कशी? म्हणून १९९१ च्या डायरेक्टिव्हने सांगितलं, की रुळांचे आणि गाड्यांचे हिशेब वेगळे ठेवा.

- तेव्हा ईयूत असलेल्या ब्रिटनने त्याही पुढे जाऊन रूळ ‘रेलट्रॅक’ या वेगळ्या कंपनीला दिले आणि तिचं खासगीकरण केलं. २००१ मध्ये ती कोलमडली.
- फ्रान्सने १९९७ मध्ये रुळांसाठी वेगळी सरकारी संस्था काढली, पण देखभालीचं काम जुन्या रेल्वे कंपनीकडेच राहिलं.
- जर्मनीने कंपन्या वेगळ्या केल्या, पण एकाच ग्रुपखाली ठेवल्या. यावरून युरोपियन कमिशन कोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये हरलं.

जीनचं पेटंट: खरा वाद इथे

१९९८ चा बायोटेक डायरेक्टिव्ह म्हणतो की शरीरातला जीन नुसता ‘शोधला’ तर पेटंट नाही. पण तो शरीराबाहेर वेगळा काढला आणि त्याचा औद्योगिक उपयोग दाखवला, तर मिळू शकतं.

यावर मोठा गदारोळ झाला. नेदरलँड्सने तर डायरेक्टिव्हच रद्द करा म्हणून केस टाकली; ती २००१ मध्ये फेटाळली गेली. ३० जुलै २००० ची मुदत बहुतेक देशांनी चुकवली. फ्रान्स, जर्मनी, इटली अशा देशांविरुद्ध २००४-०५ मध्ये निकाल लागले.

जर्मनीने २००५ मध्ये कायदा केला, पण एक अट टाकून: मानवी जीनचं पेटंट हवं असेल तर त्याचा नेमका उपयोग पेटंटच्या दाव्यातच लिहा, संरक्षण तेवढ्यालाच. एका ओळीचा फरक, पण परिणाम मोठा. समजा, एका कंपनीने एका आजाराच्या टेस्टसाठी जीनचं पेटंट घेतलं आणि पुढे दुसऱ्या कुणाला त्याच जीनचा वेगळाच उपयोग सापडला. पेटंट अख्ख्या जीनवर असेल तर त्याला पहिल्या कंपनीची परवानगी लागेल. जर्मन अटीमुळे ती लागत नाही.

कुणी केलंच नाही तर?

आधी कमिशनची नोटीस, मग लक्झेंबर्गचं कोर्ट, आणि दंड; तो पहिल्याच निकालातही होऊ शकतो.

तेव्हा ‘युरोपने नियम केला’ अशी बातमी दिसली की तीन गोष्टी बघा: रेग्युलेशन आहे की डायरेक्टिव्ह, मुदत कधीची, आणि त्या देशाने स्वतःच्या कायद्यात नक्की काय लिहिलं. खरी गंमत बहुतेकदा तिसऱ्या प्रश्नात असते.