‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणजे काय?

आता ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा १९८१चा चित्रपट घ्या. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकला निघालेल्या एरिक लिडेलला बोटीवर चढताना कळतं, की शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे. रविवार हा प्रभूचा दिवस, म्हणून तो धावायला नकार देतो. प्रत्यक्षात हे त्याला काही महिने आधीच माहीत होतं. त्याने चारशे मीटरचा सराव केला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय बिघडलं? क्षणात घेतलेला निर्णय आणि महिनोन्‌महिने टिकवलेला निर्णय, ही नीतीच्या दृष्टीने दोन वेगळी कर्मं आहेत. प्रसंग रंगला खरा, पण माणसाचा मोठेपणा तिथेच निसटला. म्हणून चित्रपटाने किती बदललं, एवढंच मोजू नका. त्या बदलात काय हरवलं, ते विचारा.