मूळ गाव कोणते?

सोलापूरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मराठी शिकवतो. पूर्वी पालक शाळेत येत ते मुलाच्या अभ्यासाची किंवा मस्तीची चौकशी करायला. गेली दोन-तीन वर्षे ते येतात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. रेशन कार्ड, आधार, आईचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे मतदार ओळखपत्र असे सगळे त्या पिशवीत असते. प्रश्न एकच असतो, "सर, यातलं कुठलं नाव बरोबर धरायचं?"

कारणही उघड आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच पुरावा मानला जातो. पुढे २०२५ मध्ये आपल्या राज्यात उशिरा नोंदणी करून घेतलेल्या दाखल्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक ठिकाणी दिलेले दाखले रद्द झाले. त्याच वर्षी जूनमध्ये बिहारमध्ये मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. बातमी बिहारची होती, पण आमच्या मोहल्ल्यात त्या रात्री कपाटे उघडली गेली, ट्रंका खाली उतरल्या.

आमच्या घरातली ट्रंकही उतरली. त्यातून कागद थोडे निघाले आणि आठवणी फार.

एक जून आणि भूकंपाचे साल

आमच्या अम्मीच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून. खालांच्याही दाखल्यावर १ जून, फक्त साल वेगळे. हे केवळ आपल्याच घरांत आहे असे समजू नये. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. मूल शाळेत घालायला आणले, जन्माची नोंद नाही, तर गुरुजी उंची-दात पाहून वय ठरवत आणि जूनची पहिली तारीख टाकत. शाळेत दाखल होण्याचे वय त्या तारखेला बरोबर बसायचे. आम्ही त्याच पेशातले, म्हणून सांगतो, त्या गुरुजींनी मुलांवर उपकारच केले. तारीख नाही म्हणून त्यांनी कुणाला दारातून परत पाठवले नाही.

आमच्या मरहूमा नानीचे कॅलेंडर निराळे होते. तिच्या सासरचे थोरले दीर "मारशल्ला"च्या साली जन्मलेले. म्हणजे १९३०, जेव्हा सोलापुरात इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला होता. त्याच आंदोलनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांचे पुतळे शहरात एकत्र उभे आहेत. नानी रिक्षातून तिथून जाताना न चुकता हात उचलून सलाम करायची. मामूचा जन्म दुष्काळाच्या, म्हणजे १९७२ च्या आगेमागे. आमच्या धाकट्या बहिणीचा जन्म किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी, १९९३ ला. तारीख कुणाला सांगता येत नसे, पण त्या दिवशी पाऊस होता की ऊन, घरात धान्य होते की नव्हते, हे नानी सांगायची. आणि स्वतःच्या वयाचा विषय निघाला की म्हणायची, "पुलिस अ‍ॅक्शन हुआ तब मैं दस बरस की थी."

तिच्या सगळ्या आयुष्याचे दोन भाग त्या एका शब्दाने पाडले होते.

सरहद्दीच्या पलीकडचे गाव

आजच्या मुलांना हे सांगावे लागते, की सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते आणि तासाभराच्या अंतरावरचे तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नानीचे माहेर तुळजापूर तालुक्यातले एक लहान गाव. तिचे वडील पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचे. जमीन नव्हती. घर होते ते गावाच्या कडेला, तेही मातीचे.

१९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी गावागावांत जो जुलूम केला होता, त्याची झळ ज्या हिंदू कुटुंबांना बसली त्यांचे दुःख खरे होते. ते नाकारून आपले दुःख सांगता येत नाही, आणि सांगूही नये. पण त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता असे शेतमजूर, विणकर, पिंजारी सूडाच्या आगीत सापडले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त फटका बसला असे त्या समितीने नोंदवले. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आलाच नाही.

नानीच्या घराला त्यात एक माणूस गमवावा लागला. तिचा थोरला भाऊ, सोळा-सतरा वर्षांचा, शेजारच्या गावाहून मजुरीचे पैसे आणायला गेला तो परतला नाही. बाकीच्यांना गावच्या पाटलांनी वाड्यात नेले. कडबा ठेवायच्या खोलीत ही पाच माणसे सहा दिवस होती. पाटलीणबाई पहाटे भाकरी आणि पाण्याची कळशी ठेवून जात, दार लावून घेत आणि बाहेर कुणी विचारले तर "आत म्हैस व्यालीय" म्हणून सांगत. सातव्या रात्री पाटलांनी स्वतः बैलगाडी जुंपली आणि कडब्याखाली माणसे झोपवून सोलापूरच्या हद्दीत आणून सोडली.

हे सांगताना नानी कधी रडली नाही. फक्त भावाचे नाव आले की थांबायची, पदराने चष्मा पुसायची आणि मग म्हैस व्याल्याची गोष्ट सांगून आम्हा मुलांना हसवायची.

सोलापुरात तिने पुढची पन्नासेक वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू, आणि बोटे अशी चालायची की बोलणे कधी अडले नाही. नाना गिरणीत. भोंगा झाला की घर हलायचे. आजूबाजूला पद्मशाली तेलुगू बोलायचे, पलीकडे कानडी, बाजारात मराठी, घरात आमची दखनी. विडी कामगाराचे ओळखपत्र हा नानीच्या नावावरचा पहिला सरकारी कागद. त्यावर वय अंदाजे होते आणि नाव चुकीचे. पण तो जपून ठेवला, कारण त्यावर फोटो तिचा होता. आमच्या एका खालाला २००६ मध्ये कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळाले. विडी कामगार बायकांसाठी बांधलेल्या दहा हजार घरांतले एक. त्या दिवशी नानी म्हणाली होती की एक साधे कार्ड माणसाला छप्पर देऊ शकते, म्हणून कागदाला कमी लेखू नका.

गाव तेच, नाव नवे

२०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. उस्मानाबाद हे नाव शेवटच्या निजामावरून आलेले, आणि धाराशिव हे त्याआधीचे जुने नाव, हे खरे आहे. घरात यावर वाद झाला. तरुण मुले तावातावाने बोलत होती. नानी तेव्हा हयात होती. तिला विचारले, तर म्हणाली, "नाम बदल्या तो क्या हुआ, मिट्टी तो वोइच है. मेरा गाँव पूछे तो मैं गाँव का नाम बोलूँगी, जिल्हे का काय को बोलूँ?"

दोन वर्षांपूर्वी ती अल्लाहला प्यारी झाली. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, म्हणून आम्ही अर्ज भरायला बसलो. वय किती? कायमचा पत्ता कोणता? आम्ही कायमच्या पत्त्याच्या रकान्यात तिच्या गावाचे नाव लिहिले आणि जिल्हा धाराशिव. तिच्या हयातीत त्या गावाशी तिला जोडणारा एकही कागद नव्हता. तिच्या मृत्यूचा दाखला हाच पहिला.

उर्दूतल्या नोंदी

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातले निजामकाळचे दप्तर बाहेर निघाले. त्यातले बरेचसे उर्दूत आणि मोडीत. अचानक उर्दू वाचणाऱ्या माणसांची गरज पडू लागली.

एका रविवारी नानीच्या गावाहून पाटलांचे नातू आले. वय साठीच्या घरात. आमच्या दोन्ही घरांचे जाणे-येणे कधी तुटले नाही. ईदला ते येतात, दिवाळीला आम्ही जातो. त्यांच्याकडे जुन्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. "गुरुजी, एवढं वाचून सांगा. आमच्या पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

अक्षर शिकस्ता वळणाचे होते, नुक्ते जागोजागी गायब. साल फसली. तीन तास लागले. त्यांच्या खापरपणजोबांचे नाव सापडले, शेताची हद्द सापडली, आणि एका नोंदीत जातीच्या जागी "कुनबी" हा शब्द स्वच्छ लागला. आम्ही ओळ न ओळ देवनागरीत उतरवून दिली आणि सांगितले की अधिकृत भाषांतर शासनमान्य माणसाकडूनच करून घ्यावे लागेल.

कागद गोळा करता करता ते थांबले. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या नानीच्या वडलांचं, नाहीतर त्या भावाचं नाव कुठं दिसतंय का, तेबी बघा की."

आम्ही पुन्हा सगळी पाने पाहिली. नाव नव्हते. ज्याला जमीन नाही त्याचे नाव जमिनीच्या दप्तरात येणार कुठून? पिंजाऱ्याची धनुकली सात-बारावर चढत नाही. नानीच्या त्या भावाच्या जन्माचा कागद नाही, मृत्यूचाही नाही.

पाटील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या आज्यानं सांगितलेलं मी सांगू शकतो. लिहून घ्या." त्यांनी सांगितले, आम्ही लिहिले. खाली त्यांनी सही केली आणि तारीख टाकली. सरकारदरबारी या कागदाला किती मोल आहे, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. तरी तो आम्ही ट्रंकेत सर्वांत वर ठेवला आहे.

एवढे तरी करावे

वाचक भगिनी-बंधूंनो, कुराणातली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार करण्याविषयी आहे. लिहून ठेवणे ही भीतीची नव्हे, शिस्तीची गोष्ट आहे. म्हणून शिक्षकाच्या अनुभवातून काही सांगतो.

मूल जन्मले की एकवीस दिवसांत नोंद करा. नाव ठरले नसेल तर नोंद थांबवू नका. नाव नंतर घालता येते, पण तेही वर्षाच्या आत घातलेले बरे. नाव ठेवताना देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही लेखन एकदाच ठरवा आणि घरात लिहून लावा. शेख, शैख, शेक ही तीन माणसे नाहीत, पण कार्यालयात तिघे होतात. अर्जात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने असतात आणि आपली नावे "मोहम्मद इक्बाल अब्दुल गफूर" अशी चार शब्दांची. कुठला शब्द कुठे जातो ते पहिल्या दिवशी ठरवले नाही, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर मुलाचा बाप बदललेला दिसतो. मुलींच्या नावापुढे "बी", "बेगम", "बानो" लावायचे तर सगळीकडे लावा, नाहीतर कुठेच नको.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद मूल शाळेत असेपर्यंतच तपासून घ्या. शाळा सुटल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते. आधार ही ओळख आहे. जन्मतारखेचा पक्का पुरावा म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. उशिरा नोंदणी करायची असेल तर दलालाकडे जाऊ नका. झटपट मिळालेला दाखला पुढे रद्द झाला तर मूल आणखी अडचणीत येते.

आणि दुसरी वही घाला, जिला कुठल्याच कार्यालयाचा शिक्का लागत नाही. नववीच्या मुलांना आम्ही यंदा निबंध दिला होता, "आमचे मूळ गाव". मुलांनी घरी दादी-नानीला विचारले आणि मराठीत लिहून आणले. कुणी विजापूरचा निघाला, कुणी उमरग्याचा, कुणाचे पणजोबा बार्शीच्या बाजारात बैलांना नाल मारायचे, एकीची दादी पंढरपूरला वारकऱ्यांना बांगड्या भरायची. दखनीत ऐकलेले मराठीत लिहिताना मुले अडखळली, मग एकमेकांना शब्द सुचवू लागली. एका मुलाने विचारले, "सर, आम्ही बाहेरून आलेले आहोत का?" वर्गातल्या चाळीस मुलांची गावे आम्ही नकाशावर मांडली. त्यातली जवळजवळ सगळी सोलापूरपासून एका दिवसाच्या बैलगाडीच्या नाहीतर एका रात्रीच्या रेल्वेच्या अंतरावर होती. त्याला उत्तर मिळाले.

रमजान आला की इफ्तारनंतर घरातली म्हातारी माणसे निवांत बसतात, तेव्हा वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसा. गावाचे नाव, विहिरीचे नाव, शेजाऱ्याचे नाव, कोणत्या साली काय झाले, सगळे लिहा. चांगले लिहा तसे कडूही लिहा, आणि ज्यांनी दार उघडले त्यांची नावे विसरू नका. जमल्यास खाली सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या.