गाठ सोडविणारी प्रथिने : हेलिकेज आणि रायबोसोमची घडण

यकृताची पेशी असो वा स्नायूची, तिच्यातील प्रथिने रायबोसोमवर घडतात, हे आपण सारे जाणतो. तो रायबोसोम स्वतः कसा घडतो, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. बीजदोषाचा विचार करणाऱ्या वैद्यांना त्या घडणीचा एक टप्पा उपयुक्त वाटेल, म्हणून हा लेखप्रपंच.

सस्तन प्राण्यांच्या पेशीकेंद्रकातील केंद्रिकेत प्रथम एक लांबलचक पूर्व-आरएनए तयार होतो. त्यास ४७एस म्हणतात. मानवात त्याची लांबी सुमारे १३,००० न्यूक्लिओटाइड्स असते. त्याची टप्प्याटप्प्याने छाटणी होऊन १८एस, ५.८एस व २८एस हे तीन आरएनए मिळतात. चौथा, ५एस, स्वतंत्रपणे तयार होतो.

छाटणी विकरे करतात. परंतु हा धागा सरळ नसतो. तो स्वतःवरच दुमडतो, आणि यू३, यू८ यांसारखे लहान आरएनए त्याला ठिकठिकाणी बिलगतात. अकाली चुकीची घडी पडू नये यासाठी ही पकड आवश्यकच असते. पण योग्य वेळी ती सुटली नाही, तर पुढचे काम खोळंबते. एटीपीची ऊर्जा वापरून ही पकड सोडविणारी प्रथिने म्हणजे हेलिकेज. डीडीएक्स५१ हे हेलिकेज यू८ला सोडविते. ते नसेल तर २८एसच्या टोकाची छाटणी अडते, असे २०१० मध्ये दिसून आले. १८एसच्या वाटेवर यू३ला मोकळे करण्याचे काम डीएचएक्स३७ करते, हे २०१९ मध्ये मानवी पेशींत सिद्ध झाले.

त्याच सुमारास या डीएचएक्स३७च्या जनुकातील दोष काही रुग्णांत आढळले. त्यांची गुणसूत्रे ४६, एक्सवाय होती. तरीही वृषणे अपुरी घडली होती, किंवा गर्भावस्थेतच लोप पावली होती. रायबोसोम तर प्रत्येक पेशीला हवा. मग झळ प्रामुख्याने वृषणांनाच का लागावी, याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव यांच्या दुष्टीचे विवेचन आहे. बीजभागावयव म्हणजेच जनुक, असे समीकरण मांडण्याचा मोह आम्हांसही होतो. तो आवरावा, असे आमचे मत आहे. दोन शास्त्रांच्या परिभाषा ओढूनताणून जुळविल्याने कोणाचाच गौरव वाढत नाही. मात्र व्यवहारातील बोध स्पष्ट आहे. काही दोष जन्मापूर्वीच घडून गेलेले असतात. वृषण लहान वा अनुपस्थित असलेला, किंवा यौवनागम लांबलेला रुग्ण आला, तर वाजीकरण कल्पांची योजना करण्याआधी गुणसूत्र-तपासणी करवून घ्यावी व अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अपुऱ्या घडलेल्या जननग्रंथींत अर्बुदाचा धोका वाढलेला असतो. तेथे वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत.

निदान आधी, चिकित्सा नंतर, हा क्रम आपल्या शास्त्राने घालून दिला आहे. नव्या ज्ञानाने तो अधिकच दृढ व्हावा.