घरखर्चातून जमलेला छंद : बुलढाणा जिल्ह्यातील चित्रकार्ड-संग्रहाचा मागोवा

खेळाडूंची छापील चित्रे आणि कार्डे जमवण्याचा छंद बुलढाणा जिल्ह्यात किराण्याच्या पिशवीतून आला. काडेपेटी, टपालाचे पाकीट, बबलगम, थंड पेयाची बाटली, बिस्किटाचा पुडा अशा रोजच्या वस्तूंसोबत चित्र घरात येत असे आणि घरातील मूल ते जपून ठेवत असे. अमेरिकेत बेसबॉल कार्डांचा मोठा बाजार उभा राहिला. येथे त्याच्या तोडीचा छंद क्रिकेटभोवती वाढला आणि बराच काळ त्याला वेगळा पैसा लागला नाही. त्यामुळे जिल्ह्यातील घरांत जे जुने संग्रह उरले आहेत, त्यांत खेळाच्या इतिहासाबरोबर घरखर्चाचा आणि गावच्या दुकानाचा इतिहासही साठलेला आहे. १९७० च्या दशकापासून आजवरचा हा प्रवास चार टप्प्यांत पाहता येतो.

छंदाचे मूळ

खेळाडूंच्या कार्डांचा उगम तंबाखूच्या व्यापारात आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेतील कंपन्या सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाचा तुकडा घालू लागल्या. त्यामुळे पाकिटाला ताठपणा येई. त्यावर चित्र छापले की गिऱ्हाईकही टिके. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. पुढे रणजितसिंहजींची छबीही अशा सिगारेट कार्डांवर झळकली. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या मालिकेतील होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड आज दुर्मीळ मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या ४०७ कार्डांच्या संचातील मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले.

बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांत त्या काळी बिडीचा खप मोठा होता आणि बिडीच्या बंडलावर कागदी छापापलीकडे काही नसे. त्यामुळे तंबाखूतून आलेली कार्डपरंपरा येथे रुजली नाही. तिची जागा काडेपेटीने भरून काढली.

काडेपेटी आणि तिकिटे

देशातील काडेपेटीच्या उद्योगाच्या दोन मोठ्या शाखांची सुरुवात १९२३ सालची. त्या वर्षी स्वीडिश भांडवलावर ‘विमको’ कंपनी स्थापन झाली. तिचा एक कारखाना अंबरनाथला होता. त्याच वर्षी तामिळनाडूतील शिवकाशीत अय्या नाडर आणि षण्मुग नाडर यांनी काडेपेट्यांचा उद्योग सुरू केला. शिवकाशीत छोट्या कारखान्यांची संख्या वाढली, छपाईचा धंदाही तेथेच फोफावला आणि प्रत्येक कारखान्याने आपापले छाप काढले. वाघ, घोडा, जहाज, कमळ, देवदेवता, पुढे नटनट्या आणि खेळाडूही काडेपेटीवर आले. स्वयंपाकघरातील काडेपेटी रिकामी झाली की तिची वरची बाजू मुलांच्या मालकीची होई. छाप जमवायचे, गोट्यांसारखे खेळात लावायचे, जिंकायचे आणि हरायचे, अशी ही पद्धत महाराष्ट्रात सर्वदूर होती. ज्या घरात चूल पेटते त्या प्रत्येक घरात या छंदाचा कच्चा माल होता. श्रीमंत आणि गरीब घरांतील मुलांत त्यामुळे फारसा फरक पडत नसे.

दुसरा कच्चा माल टपालातून येई. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकल्या आणि त्याच वर्षी टपाल खात्याने या विजयांवर २० पैशांचे तिकीट काढले. मुंबई-पुण्याला नोकरीस गेलेल्या काका-मामांची पाकिटे घरी आली की तिकिटाभोवतीचा कागद कापून घेतला जाई. तो तुकडा ताटलीत कोमट पाण्यावर चित्र वर करून ठेवायचा. काही मिनिटांत डिंक सुटला की तिकीट कागदापासून अलगद सरकवून घ्यायचे आणि कोरड्या कागदावर पालथे वाळवायचे. वाळताना ते आक्रसून वळते, म्हणून शेवटी जाड पुस्तकात दाबून ठेवायचे. घाईने ओढलेले तिकीट मधोमध विरळ होई, दात्रे तुटत आणि अदलाबदलीत त्याला कुणी विचारत नसे. हे काम बहुधा आई किंवा मोठ्या बहिणीच्या देखरेखीखाली स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीच चाले. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झाले. अशा मासिकांनी आणि वर्तमानपत्रांतील खेळाच्या पानांनी कात्रणांची चिकटवहीही घरात आणली.

बबलगमचे दशक

१९८३ चा विश्वचषक आणि त्यानंतरच्या काही वर्षांत छोट्या गावांपर्यंत पोहोचलेले दूरदर्शन यांनी छंदाला खेळाडूचा चेहरा दिला. तोवर आकाशवाणीच्या समालोचनातून ऐकलेली नावे आता दिसू लागली आणि जी दिसतात ती जवळ असावीत असे मुलांना वाटू लागले. कंपन्यांनी हे अचूक हेरले. थम्स अप या पेयाने क्रिकेटपटूंची छोटी चित्रपुस्तके काढली. अंगठ्याने पाने झरझर सोडली की फलंदाज फटका मारताना दिसे. गोल्ड स्पॉटच्या बाटलीच्या झाकणाखाली ‘जंगल बुक’मधील चित्रे मिळत.

खरे कार्ड मात्र ‘बिग फन’ या बबलगमसोबत आले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या गमच्या वेष्टनात क्रिकेटपटूचे छोटे चित्र असे आणि त्याच्या मागे धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक धावा आणि बळी जमले की ते देऊन चित्रपुस्तिका मिळे. येथे संग्रहाला प्रथमच गणित आले. घरात दोन भावंडे असतील तर दोघांच्या धावा एकत्र धरायच्या की वेगळ्या, हा वाद होई. एकत्र धरल्या तर बक्षीस लवकर मिळे, पण ते कुणाकडे राहणार हा प्रश्न उरे. एकच चित्र पुन्हा आले की ते ‘डबल’ ठरे आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत बदलून घेतले जाई.

बुलढाणा जिल्ह्याच्या भूगोलाचा या टप्प्यावर परिणाम होता. मुंबई-हावडा लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही स्थानके त्यावर आहेत आणि जलंबहून खामगावला फाटा फुटतो. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले बुलढाणा शहर मात्र रेल्वेपासून दूर घाटावर आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागांत माल सडकेने जाई. नवी वस्तू मोठ्या बाजारपेठेत आधी आणि घाटावरच्या लहान गावात नंतर दिसणे स्वाभाविक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी आलेली शहरातली भावंडे म्हणूनच महत्त्वाची ठरत. गावात न मिळणारी चित्रे त्यांच्या दप्तरातून येत आणि जाताना गावातले छाप व तिकिटे सोबत जात.

याच काळात विदर्भातील क्रिकेटप्रेमींना एक मोठा दिवस पाहायला मिळाला. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी रिलायन्स विश्वचषकात नागपूरला भारत-न्यूझीलंड सामना झाला. चेतन शर्मा यांनी त्रिक्रम केला आणि सुनील गावसकर यांनी एकदिवसीय कारकिर्दीतील आपले एकमेव शतक झळकावले. २२२ धावांचे लक्ष्य भारताने ३२.१ षटकांत गाठले. या दोघांची चित्रे आणि कात्रणे चिकटवहीत मानाच्या पानावर जाण्यास याहून मोठे कारण लागत नव्हते.

ट्रम्प कार्डे आणि बिस्किटांच्या धावा

नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आला आणि त्यासोबत ट्रम्प कार्डे आली. हा छंदातला मोठा बदल होता, कारण येथे कार्ड पहिल्यांदाच स्वतंत्रपणे विकले जाऊ लागले. शालेय साहित्याच्या दुकानांत आणि यात्रा-जत्रांतील खेळण्यांच्या पालांवर त्यांचे संच मिळत. सर्वांत लोकप्रिय संच डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांचा होता. प्रत्येक कार्डावर छायाचित्राखाली क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या आणि जिंकलेल्या कुस्त्या असे रकाने असत. क्रिकेटच्या संचात सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, बळी आणि झेल असत.

खेळ सोपा होता. पत्ते सारखे वाटायचे, ज्याची पाळी असेल त्याने आपल्या वरच्या कार्डावरील एक आकडा पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही कार्डे घ्यायची. क्रमांकाच्या बाबतीत मात्र लहान आकडा जिंके. जिंकायचे असेल तर कोणत्या कार्डावर कोणता आकडा भारी आहे हे पाठ असावे लागे. योकोझुना या कुस्तीगिराचे कार्ड हाती असले की वजन पुकारायचे, हे कुणाला शिकवावे लागत नसे. दुपारी घराच्या ओसरीवर चालणाऱ्या या डावात धाकट्या भावंडांनाही जागा असे. काही घरांत वडीलधाऱ्यांना हा पत्त्यांचा नाद वाटे आणि परीक्षा जवळ आली की संच कपाटाच्या वरच्या फळीवर जाई.

१९९९ च्या विश्वचषकात छंद पुन्हा किराण्याकडे वळला. ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ या योजनेत बिस्किटांच्या वेष्टनावर धावा छापलेल्या असत आणि १०० धावा जमल्या की पुस्तिका मिळे. महिन्याच्या किराण्याच्या यादीत बिस्किटाचा पुडा कोणत्या कंपनीचा असावा, हे त्या उन्हाळ्यात अनेक घरांत मुलांनी ठरवले. पाहुण्यांसाठी फोडलेल्या पुड्याचे वेष्टन टाकून न देता कात्रीने नीट कापून ठेवण्याची सवय मोठ्यांनाही लागली. याच सुमारास चिप्सच्या पाकिटांतून प्लॅस्टिकच्या गोल चकत्या, म्हणजे टाझो, आल्या आणि संग्रहात कागदाची जागा काही काळ प्लॅस्टिकने घेतली.

आयपीएलनंतरचा काळ

एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत टॉप्स कंपनीची ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डे भारतात आली. अमेरिकेतील बेसबॉल कार्डांची परंपरा त्याच कंपनीच्या हातून भारतीय घरात शिरली. बंद पाकिटात मोजकी कार्डे, त्यांत एखादे चकाकते दुर्मीळ कार्ड आणि सगळा संच लावायला स्वतंत्र फाइल, अशी ही रचना होती. ट्रम्प कार्डांप्रमाणे येथेही कार्डासाठी मुद्दाम पैसे खर्च करावे लागत. पाकीट फोडेपर्यंत आत काय आहे हे कळत नसल्याने पुढचे पाकीट घेण्याची ओढ वाढे. कापूस विकला की वर्षाचा हिशेब जुळवणाऱ्या शेतकरी कुटुंबात काडेपेटीच्या छापाइतक्या सहजपणे हा छंद सामावणे शक्य नव्हते. संग्रहाची रुंदी आता घराच्या ऐपतीवर ठरू लागली.

या काळाने एक चांगली गोष्टही दिली. विदर्भाचा संघ १९५७ पासून रणजी करंडकात खेळत असला, तरी देशांतर्गत क्रिकेटच्या खेळाडूंची कार्डे मुलांच्या हाती येत नसत. मुले दूरच्या नायकांची चित्रे जमवत. विदर्भाकडून खेळून कसोटी संघात पोहोचलेल्या उमेश यादव यांच्यासारख्या खेळाडूंना आयपीएलमुळे या कार्डांत स्थान मिळाले. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी विजेतेपदे मिळवली आणि आपल्या भागाचा खेळाडू जपून ठेवण्याजोगा आहे ही जाणीव वाढली.

तिकीटसंग्रहालाही या काळात आधार मिळाला. १९९६ मध्ये देवधर, नायडू, मर्चंट आणि मंकड या क्रिकेटपटूंवर तिकिटे निघाली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या २०० व्या कसोटीच्या वेळी त्यांच्यावर दोन तिकिटे निघाली. जिजाऊंवरील १९९९ चे तिकीट त्यांचे जन्मगाव असलेल्या सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात विशेष जिव्हाळ्याचे आहे. २०१७ मध्ये टपाल खात्याने सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक विद्यार्थ्यांसाठी दीनदयाळ स्पर्श योजना सुरू केली. तिच्यात वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते.

घरातले स्थान आणि जतन

कुटुंबाच्या दृष्टीने या छंदाचे तीन फायदे दिसतात. अदलाबदलीतून मूल सौदा करायला आणि शब्द पाळायला शिकले. आकड्यांतून त्याला तुलना आणि बेरीज कळली. संग्रह भावंडांचा सामायिक असल्याने वाटणीचा न्याय घरातच करावा लागला. त्याची किंमतही कुटुंबानेच मोजली. लहान घरात जागा काढणे, अभ्यास आणि छंद यांचा मेळ घालणे आणि दिवाळीच्या साफसफाईत पत्र्याचा डबा वाचवणे हे सारे घरच्यांच्या समजुतीवर अवलंबून होते. पुष्कळसे संग्रह रद्दीत गेले ते घर बदलताना, लग्नानंतर किंवा मुले शिक्षणासाठी बाहेर गेल्यावर. मुलींचे संग्रह तर माहेरी राहून सर्वांत आधी हरवले.

उरलेल्या कागदाचे मुख्य शत्रू म्हणजे वाळवी, कसर, पावसाळी दमट हवा आणि चिकटवहीचा डिंक. डिंकाने कागद पिवळा पडतो आणि चित्र सोडवताना फाटते. कोरड्या जागी, जमिनीपासून उंच, हवाबंद डब्यात आणि सुट्या पारदर्शक पाकिटांत ठेवलेली कार्डे अधिक टिकतात. कार्डाच्या मागे शाईने काही लिहू नये. वेगळ्या वहीत ते कोणत्या वस्तूसोबत, कोणत्या गावात, साधारण कोणत्या वर्षी आणि कुणाकडून मिळाले याची नोंद करावी. जिल्ह्यातील बहुतेक जुन्या चित्रांना लिलावात मोठी किंमत येणार नाही, कारण ती हाताळलेली, कापलेली आणि खेळात झिजलेली आहेत. तरी अशी नोंद असलेला डबा एका गावच्या दुकानाचा, घरखर्चाचा आणि खेळावरच्या प्रेमाचा पुरावा ठरतो. ही नोंद ज्यांनी चित्रे जमवली ती पिढी हयात असतानाच होऊ शकते.